पँथिऑन की बाइया? घुमटांसाठी एकच दिवस असेल तर

रोमन काँक्रीटचे घुमट बघायला इटलीत एकच दिवस मिळत असेल, तर माझ्या मते निवड दोन ठिकाणांत आहे. एक रोममधलं पँथिऑन हे प्राचीन देऊळ. दुसरं नेपल्सच्या पश्चिमेला बाइया इथलं 'मर्क्युरीचं देऊळ'. नाव देवळाचं असलं तरी ते स्नानगृहाचं दालन. नीरोच्या सुवर्णप्रासादातलं अष्टकोनी दालनही देखणं आहे, पण ते मार्गदर्शकाबरोबरच पाहावं लागतं.

बाइयाच्या घुमटाचा व्यास सुमारे 21.5 मीटर, पँथिऑनचा 43.3 मीटर. बाइया इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरचं मानतात. पँथिऑन सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. 126 च्या सुमारास पुरं झालं. या मधल्या काळात रोमन गवंडी काय शिकले, ते पँथिऑनच्या वजनात कळतं. व्यास दुप्पट झाला की त्याच प्रमाणातल्या घुमटाचं वजन आठपट होतं. म्हणून पायात जड ट्रॅव्हर्टाइनची (एक चुनखडक) खडी, वर टफ (ज्वालामुखीच्या राखेचा हलका दगड) आणि विटांचे तुकडे, माथ्याजवळ पाण्यावर तरंगणारा प्युमिस हा सच्छिद्र दगड. घुमटाची जाडीही तळाशी सुमारे 6 मीटर आणि माथ्यावरच्या गोल, उघड्या झरोक्यापाशी जेमतेम 1.2. घुमटाच्या आतल्या बाजूचे 140 खोलगट चौकोनी खणही वजन कमी करतात, पण थोडंच. खरं काम खडीच्या निवडीचं आणि उतरत्या जाडीचं.

यात पोलाद कुठेच नाही. घुमटाच्या खालच्या भागात उभ्या भेगा आहेत, तरी तो उभा आहे, कारण भेगांमधले भाग शेजारी शेजारी उभ्या कमानींसारखे भार वाहतात. बाहेरून दिसणारी पायऱ्यांसारखी कडी त्या कमानींना खाली दाबून धरतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मी हेच आधी दाखवीन.

अडचण एकच: यातलं बरंचसं डोळ्यांना दिसत नाही. घुमट सुरू होतो तोच 21 मीटरांवर, आणि खडी तर काँक्रीटच्या पोटात.

बाइयात उलट. जमीन खचल्याने दालन निम्मं गाळाने आणि पाण्याने भरलंय, त्यामुळे घुमटाचा तळ जवळजवळ तुमच्या उंचीवर येतो. चुन्यात हाताने रचलेल्या टफच्या कपच्या जवळून न्याहाळता येतात. आपण स्लॅब ओततो. रोमन माणूस सेंटरिंगवर दगड आणि चुना थराथराने रचत असे. शिवाय चुन्याला बळ देणारी पॉझोलाना ही ज्वालामुखीची राख याच परिसरातली, शेजारच्या पोझ्झुओलीवरून तिचं नाव पडलं. आपल्या जुन्या वाड्यांच्या चुन्यात सुरखी (विटांची पूड) जे काम करते, तेच ही राख करते. आवाज तर असा घुमतो की बोलणं आपोआप हळू होतं.

पहिल्यांदाच जात असाल तर पँथिऑन, आणि शक्यतो पाऊस असताना: झरोक्यातून पडणारं पाणी किंचित फुगीर फरशीवरून भोकांत निचरताना पाहायला मिळतं. पँथिऑन झालं असेल, किंवा मुक्काम नेपल्सला असेल, तर बेधडक बाइया. मात्र तिथली जमीन अजूनही वरखाली होते, भूकंपाचे धक्केही बसतात. निघण्यापूर्वी बाइयाचं पुरातत्त्व उद्यान उघडं असल्याची खात्री करा.