छोट्या विमानातून शूटिंग: गोप्रो, डीजेआय की ३६० कॅमेरा? आणि एडिटिंग कशावर?

सेसना १७२ सारख्या छोट्या, एका इंजिनाच्या विमानाच्या कॉकपिटमधून काढलेला व्हिडिओ रिझोल्यूशन कमी पडलं म्हणून सहसा फसत नाही. तो फसतो विमानाच्या नाकावरच्या पंख्यामुळे (प्रोपेलर) आणि आवाजामुळे. त्यामुळे ४के की ५.३के या घोळात पडण्याआधी कॅमेऱ्याबद्दल तीन गोष्टी विचारून घ्या. शटरचा वेग, म्हणजे एक फ्रेम टिपण्याचा वेळ, हाताने बांधता येतो का? लेन्सवर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) बसतो का? हेडसेटमधलं बोलणं कॅमेऱ्यात जायची सोय आहे का?

आधी पंख्याचं गणित. या कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. तेवढ्या वेळात पातं पुढे सरकतं आणि व्हिडिओत केळ्यासारखी वाकलेली, कधी हवेत सुटी तरंगणारी पाती दिसतात. क्रूझमध्ये, म्हणजे सरळ उडताना, २४०० आरपीएम (मिनिटाला फेरे) धरा, म्हणजे सेकंदाला ४० फेरे. दोन पात्यांच्या पंख्याला अख्खी चकती झाकायला अर्धा फेरा पुरतो, म्हणजे १/८० सेकंद. शटर याहून हळू, १/६० किंवा १/५० वर ठेवलं की पाती विरघळून फिकट धुरकट चकती उरते. पण लख्ख उन्हात, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर, एफ/२.५ एवढ्या उघड्या लेन्सला साधारण १/४००० शटर लागतं. ते १/६० वर आणायचं तर प्रकाश चौसष्ट पटीने कमी करायला हवा, म्हणजे एनडी ६४. कंपन्यांच्या स्वतःच्या संचातले फिल्टर ३२ पाशी थांबतात, तेव्हा भर दुपारसाठी ६४ चा दुसऱ्या कुणाचा तरी घ्यावा लागतो. सकाळी-संध्याकाळी १६ पुरतो. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, मात्र आरपीएम हजाराच्या आसपास असतो आणि १/६० वरही पाती वाकडीच दिसतात. त्यावर इलाज नाही, तो भाग कापायचा.

पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) घेऊ नका. विमानाच्या प्लास्टिकच्या काचेवर त्याने इंद्रधनुष्यी डाग उमटतात आणि पॅनेलवरचे स्क्रीन काळे पडू शकतात.

गोप्रो हिरो १३ विरुद्ध डीजेआयचा ऑस्मो अॅक्शन ५ प्रो

दोन्हींत शटर बांधता येतं, दोन्हींवर फिल्टर बसतो. फरक इतरत्र आहे. हिरो १३ मध्ये जीपीएस आहे, त्यामुळे वेग, उंची आणि मार्ग व्हिडिओच्या फाइलमध्येच नोंदले जातात. ऑस्मोला त्यासाठी वेगळा जीपीएसवाला रिमोट लागतो. जुना कॅमेरा घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: हिरो ११ मध्ये जीपीएस होतं, १२ मध्ये काढलं, १३ मध्ये परत आलं. फक्त स्वस्त मिळतोय म्हणून १२ उचलाल आणि नंतर व्हिडिओवर वेगाचा काटा दाखवायची हौस आली तर अडकाल.

ऑस्मोचा सेन्सर मोठा आहे, १/१.३ इंच. गोप्रोचा १/१.९. पहाटेचं उड्डाण, पावसाळी ढगाखालचा उजेड किंवा आत अंधार आणि बाहेर चकाकी अशा दृश्यात हा फरक डोळ्यांना दिसतो. शिवाय ऑस्मोच्या पोटात ४७ जीबी जागा आहे. कार्ड घरी विसरलं तरी उड्डाण वाया जात नाही. १०० ते १२० मेगाबिटच्या ४के चित्रीकरणाला तासाला साधारण ४५ ते ५४ जीबी लागतात, म्हणजे एवढ्यात पाऊण ते एक तास निघतो. कार्ड व्ही३० दर्जाचं, २५६ जीबीचं घ्या.

आमचा कौल: पायलटच्या खांद्यामागून समोरचं दृश्य हवं असेल आणि आकडे दाखवायचे नसतील तर ऑस्मो. आकडे हवे असतील तर हिरो १३.

३६० कॅमेरा कुणासाठी?

इन्स्टा३६० एक्स४ दोन सीटांच्या मध्ये छताखाली लावला की पायलट, खिडकी, पंख असं सगळंच मिळतं, आणि कुठे बघायचं ते घरी बसून ठरवता येतं. एकच कॅमेरा आणि एकच जागा असेल तर हाच घ्यावा. पण '८के' या शब्दाला भुलू नका. ते ७६८० पिक्सेल पूर्ण वर्तुळात वाटलेले असतात. त्यातून ९० अंशांचा तुकडा कापला की हातात येतात १९२० पिक्सेल, म्हणजे जेमतेम फुल एचडी. अल्टिमीटरचे (उंचीमापकाचे) आकडे वाचता येतील ही आशा सोडा. दोन्ही बुबुळासारख्या फुगीर लेन्सवर एनडी बसवणंही कटकटीचं असतं, त्यामुळे पंखा वाकडा दिसणारच. तो मागून, लहान दिसतो म्हणून खपून जातो इतकंच.

मोबाइल? प्रवासी म्हणून हातात धरून खिडकीतून दोन मिनिटं काढायला उत्तम. पॅनेलला क्लॅम्प करून तासभर ठेवू नका. मोटरसायकल इंजिनच्या कंपनाने कॅमेऱ्यातली लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अॅपलनेच २०२१ मध्ये आयफोनबाबत दिला होता. पिस्टन इंजिनचं विमान त्याच जातीचं.

जिथे सगळेच चुकतात

कॅमेरा विमानाला घट्ट बसवला असेल तर स्टॅबिलायझेशन (चित्रातले हादरे काढणारी सोय) बंद करा. चालू ठेवलं तर विमान वळताना कॅमेऱ्याला वाटतं, आपण हललो. तो चित्र स्थिर करायला जातो आणि कॉकपिटच डुलू लागतं. शिवाय हळू शटरमुळे चित्रात उतरलेला अस्पष्टपणा कोणतंच सॉफ्टवेअर काढू शकत नाही. क्षितिज आडवं ठेवणारं 'होरायझन लॉक'ही फसतं. नीट समन्वित वळणात पॅनेलवरच्या, घसरण दाखवणाऱ्या नळीतला बॉल मध्यभागी असतो, म्हणजे जाणवणारं वजन फरशीकडेच असतं. कॅमेऱ्याला तीच खालची दिशा वाटते आणि वळण लांबलं की तो तिरक्या केबिनलाच सरळ समजू लागतो.

सक्शन कपची पकड बाहेरच्या हवेच्या दाबावर असते. १०,००० फुटांवर तो दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के उरतो, तेव्हा पकडही तेवढीच. वेगळ्या जागी बांधलेली दोरी हवीच, आणि ती इतकी आखूड की कॅमेरा सुटला तरी पायाखालच्या रडर पेडलपर्यंत पोचणार नाही. काच पुसायला अमोनियाचा क्लीनर नको, प्लास्टिकला तडे जातात.

ऑस्मोच्या माउंटमध्ये चुंबक असतो, हिरो १३ च्या चुंबकी माउंटमध्येही. जमिनीवर होकायंत्र वाचा, कॅमेरा लावा, पुन्हा वाचा. सुई हलली तर जागा बदला.

उन्हात उभ्या विमानात कॅमेरा तापून बंद पडतो, म्हणून इंजिन सुरू होऊन हवा खेळेपर्यंत रेकॉर्डिंग सुरू करू नका. गोप्रो बॅटरी काढून नुसत्या यूएसबीवर चालतो आणि कमी तापतो. पण वायर निसटली तर चालू फाइल अर्धवट राहते. जे परवडेल ते निवडा.

आवाज

गंमत म्हणजे २४०० आरपीएमला चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला ८० स्फोट करतं आणि दोन पात्यांचा पंखाही सेकंदाला ८० वेळा हवा कापतो. दोघांची घरघर ८० हर्ट्झवर एकत्र येते. बोलणं त्याच्या वर असतं, म्हणून एडिटिंगमध्ये १५० हर्ट्झखालचं कापलं की निम्मं काम झालं. खरा उपाय मात्र इंटरकॉमचा आवाज थेट घेणं. हेडसेटच्या जॅकमधून ३.५ मिमीची वायर काढताना ती आवाज दाबणारी, म्हणजे आत रेझिस्टर असलेली हवी. साध्या वायरने माइकच्या इनपुटला झेपणार नाही इतका जोर येतो आणि बोलणं फाटतं. गोप्रोला त्यासाठी मीडिया मॉड किंवा माइक अॅडॉप्टर लागतो, ऑस्मोला यूएसबी-सीचा. सर्वांत स्वस्त जुगाड: कॉलर माइक हेडसेटच्या गादीखाली, कानाशी सरकवायचा आणि छोट्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड करायचं.

एडिटिंग

दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती बहुतेकांना पुरते. कॅमेरा आणि रेकॉर्डर आवाजाच्या लहरींवरून आपोआप जुळतात, रंगकाम तर याचा बालेकिल्लाच. २९५ डॉलरच्या, एकदाच पैसे भरायच्या स्टुडिओ आवृत्तीत दाणे कमी करणं, लेन्सचा फुगवटा सरळ करणं आणि बोलणं वेगळं काढणं मिळतं. इंजिनचा आवाज बोलण्यात मुरला असेल तर या शेवटच्या सोयीसाठीच पैसे मोजावेत. लॅपटॉप जुना असेल तर आधी प्रॉक्सी, म्हणजे फाइलच्या हलक्या नकला, बनवा, नाहीतर कॅमेऱ्याची घट्ट दाबलेली एच.२६५ फाइल दर क्लिकला अडखळेल.

प्रीमियर प्रो चांगलंच आहे, पण दरमहा भाडं. वर्षाला चार उड्डाणं करणाऱ्याने ते का भरावं? मॅक असेल तर फायनल कट एकदा विकत घेऊन मोकळं होता येतं. ३६० वाल्यांना आधी इन्स्टा३६० स्टुडिओत, जे मोफत आहे, चौकट ठरवून साधी फाइल काढावी लागते. मग बाकीचं रिझॉल्व्हमध्ये.

तासाभराच्या रेकॉर्डिंगात वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज काही फ्रेम पुढे-मागे सरकतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी कापून पुन्हा जुळवा. मोबाइलची फाइल बदलत्या फ्रेमरेटची असते, ती हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर करून मगच टाइमलाइनवर घ्या.

व्हिडिओवर आकडे चढवायला टेलिमेट्री ओव्हरले नावाचं सॉफ्टवेअर आहे, सशुल्क. मात्र जीपीएस दाखवतो तो जमिनीवरचा वेग. समोरून २० नॉटचा वारा असेल तर १०० च्या जागी ८० दिसतील, आणि उंचीही अल्टिमीटरशी जुळणार नाही. कोपऱ्यात 'जीपीएस' असं लिहा, नाहीतर प्रतिक्रियांत त्यावरूनच भांडण लागेल.

गोंदिया, धुळे किंवा देशात कुठेही उडत असाल तर विमानातून चित्रीकरणाला एअरक्राफ्ट रूल्स, १९३७ मधला नियम १३ लागू होतो: लेखी परवानगी हवी. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आणि गोव्याचं दाबोळी नौदलाचं, तिथे तर जास्तच जपून. पंखाला किंवा स्ट्रटला (पंखाचा तिरका आधार) बाहेरून कॅमेरा लावायचा असेल तर आधी फ्लाइंग स्कूलच्या मेंटेनन्स इंजिनिअरला विचारा, आणि त्याचा होकारही कागदावरच घ्या.