डावखुऱ्या शिकारी रायफलीसाठी बोल्ट ॲक्शन: हाताळून पाहिलेल्या चार ॲक्शन

नेमबाजीची पहिली पंधरा वर्षे मी, डावखुरा असूनही, उजव्या हाताच्या रायफलीवर काढली. डाव्या खांद्याला दस्ता लावला की उजव्या बाजूची बोल्टची (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याची) मूठ गाठण्यासाठी चापावरचा हात दुर्बिणीवरून पलीकडे न्यावा लागतो, त्यात गाल दस्त्यावरून सुटतो आणि दुसरी गोळी झाडायची वेळ येते तेव्हा जनावर दुर्बिणीत सापडत नाही. शिवाय रिकामी पुंगळी बाहेर पडण्याची खिडकी अशा वेळी नेमकी आपल्या तोंडाच्या बाजूला असते, म्हणजे एखादी पुंगळी फाटली तर गरम वायूही त्याच बाजूने येण्याचा धोका असतो. म्हणून 6.5 क्रीडमूर या काडतुसाची स्वतःची शिकारी रायफल बांधून घ्यायचे ठरवले तेव्हा ॲक्शन (बोल्ट आणि तो ज्यात सरकतो तो रिसीव्हर मिळून होणारा रायफलीचा गाभा) डावखुरीच घ्यायची, हे मी आधी पक्के केले आणि चार ॲक्शन नीट हाताळून पाहिल्या.

सॅव्हेज 110 ही 1958 साली आलेली रायफल, आणि डावखुऱ्यांची दखल फार लवकर घेणाऱ्यांपैकी ती एक आहे. तिची नळी एका नटाने रिसीव्हरला घट्ट बसते, त्यामुळे योग्य गेज (नळीत काडतुसाची जागा मोजणारे माप) आणि पाना हाताशी असला तर लेथशिवाय नळी बदलता येते. बोल्टचे डोके वेगळे आणि किंचित सैल असल्याने दोन्ही लग (बोल्टला रिसीव्हरमध्ये अडकवणारे दात) सारखे टेकतात. मात्र मूठ उचलायला जोर लागतो आणि बोल्टची सरक खडबडीत वाटते. कमी खर्चात अचूक रायफल हवी असणाऱ्याला मी हिचीच शिफारस करीन.

रेमिंग्टन 700 ही 1962 पासूनची ॲक्शन. तिचे खरे बळ तिच्या स्वतःच्या घडणीपेक्षा तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या सुट्या भागांच्या बाजारात आहे. दस्ते, ट्रिगर, मॅगझिनची चौकट हे सगळे तिच्या मापावर बनते. रिसीव्हर गोल असल्यामुळे बेडिंगही (तो दस्त्यात नीट, घट्ट बसवणेही) सोपे जाते. पण तिची मूठ बोल्टला ब्रेझिंगने (वितळवलेल्या धातूच्या डाकाने) जोडलेली असते आणि अशा जोडणीत मूठ किती अचूक जागी बसली आहे यावर फार काही अवलंबून असते. मूठ वर उचलताना शेवटच्या टप्प्यात तिचे मूळ रिसीव्हरच्या उतारावर घासून बोल्टला किंचित मागे ढकलते आणि घट्ट बसलेली पुंगळी तिथेच सुटते. मी पूर्वी घेतलेल्या एका वापरलेल्या डावखुऱ्या ॲक्शनमध्ये (ती कोणत्या कंपनीची होती हे महत्त्वाचे नाही) ही मूठ जेमतेम टेकत होती. एका कडक उन्हाच्या दुपारी पुंगळी अडकली आणि मुठीवर तळव्याने ठोके देऊन ती काढावी लागली. तेव्हापासून कोणतीही ॲक्शन हातात आली की ती रिकामी असल्याची खात्री करून मी मूठ सावकाश उचलतो आणि बोल्ट मागे सरकतो का ते आधी पाहतो. कारखान्यातली 700 घेऊन तिचे लग, रिसीव्हरचे तोंड आणि आटे सरळ करून घेण्याचा मार्ग आहे, पण त्या कामाचा खर्च धरला तर आपण नव्या कस्टम ॲक्शनच्या किमतीजवळ पोहोचतो.

टिक्का टी३एक्सची सरक मला चौघींत सर्वांत आवडली. मूठ केवळ 70 अंश उचलावी लागते, त्यामुळे दुर्बीण खाली बसवली तरी बोटांना जागा राहते. अडचण रायफल बांधताना येते. काडतूस लहान असो वा मोठे, रिसीव्हरची लांबी एकच असते, आणि गोळीचा हादरा झेलणारा ठोकळा (रिकॉइल लग) रिसीव्हरवर नसून दस्त्यात बसवलेला असतो, म्हणून दस्ता खास टिक्कासाठीच कोरलेला लागतो. त्यातही डावखुरा शोधायचा म्हणजे पर्याय आणखी कमी होतात. तयार रायफल घेऊन तशीच वापरायची असेल तर मी डोळे मिटून टिक्का घेईन. नळी आणि दस्ता काढून टाकण्यासाठी घेणे मला पटले नाही.

शेवटी मी झर्मॅट या कंपनीची ओरिजिन ही कस्टम ॲक्शन निवडली. तिचे बोल्टचे डोके बदलता येते, त्यामुळे पुढे बुडाचे माप वेगळे असलेल्या काडतुसाची नळी बसवायची झाली तरी संपूर्ण बोल्ट घ्यावा लागत नाही. ट्रिगर आणि दस्ता 700 च्या मापाचे चालतात, आणि बोल्ट सोडण्याची कळ ट्रिगरवर नसून रिसीव्हरच्या बाजूला आहे. घातक जनावरांच्या शिकारीसाठी माउझरसारखा पंजाचा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी धरून ओढून काढणारा भाग) असलेली ॲक्शन मी मागितली असती. हरणासाठी ती गरज मला वाटली नाही.

ॲक्शन डावखुरी घेतली म्हणजे काम झाले, असे मात्र समजू नये. माझ्या मागणीत ट्रिगरपुढे ‘डावखुरा’ हा शब्द लिहायचा राहिला आणि सेफ्टीची कळ उजवीकडे असलेला ट्रिगर आला. माझ्या दस्त्यात त्या कळीसाठीची खाच डावीकडे होती, म्हणून तो परत पाठवून दुसरा मागवावा लागला. दस्त्याच्या बाबतीत मुठीची खाच, खिडकीचा काप आणि गालाचा उंचवटा या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचारून घ्याव्या लागतात, कारण खाच डावीकडे कोरलेल्या दस्त्यावरही गालाचा उंचवटा उजव्या हाताच्या नेमबाजासाठी असू शकतो.

रायफल जुळून आल्यावर मी मॅगझिनमध्ये चार डमी काडतुसे भरली आणि भिंतीवरच्या खुणेवर दुर्बीण रोखून बोल्ट चालवला. उजवा हात पुढे दस्त्याखाली तसाच राहिला, डाव्या हाताने चारही डमी एकामागून एक बाहेर काढले आणि तेवढ्या वेळात गाल दस्त्यावरून एकदाही सुटला नाही.