घराण्याचं पाप आणि पश्चात्ताप: सोलापुरातल्या दोन दिवसांच्या शिबिराविषयी

घराण्यात चालत आलेल्या पापाची कबुली देण्यासाठी सोलापुरातली एक ख्रिस्ती मंडळी (चर्च) शनिवार-रविवार हे शिबिर घेते. शनिवार अजिबात चुकवू नये. रविवारी मात्र पवित्र शास्त्र (बायबल) उघडं ठेवून बसावं.

सुरुवातीलाच चार रकान्यांचा कागद मिळतो: आजोबा, वडील, मी, मुलं. शेवटचा रकाना कोरा ठेवायचा. डावीकडे दारू, मारहाण, बुडवलेली उधारी, अबोला, भावकीतलं वैर. नमुना म्हणून बायबलमधलं अब्राहामाचं घराणं भरून दिलंय, आणि ते फार नेमकं आहे. अब्राहामानं दोनदा बायकोला बहीण म्हणून सांगितलं. त्याच्या मुलानं, इसहाकानं, गरार गावात तेच केलं. इसहाकाच्या मुलानं, याकोबानं, करडांची कातडी हातांना लावून आंधळ्या बापाला फसवलं. पुढं त्याच्याच पोरांनी बकऱ्याच्या रक्तात आपल्या भावाचा, योसेफाचा, झगा बुडवून याकोबाला फसवलं. उत्पत्ती 44 मध्ये (बायबलच्या उत्पत्ती पुस्तकाचा 44वा अध्याय) त्याच पोरांपैकी यहूदा धाकट्या भावाच्या, बन्यामिनाच्या, जागी स्वतः गुलाम व्हायला पुढे येतो, तिथं ही साखळी तुटते.

कबुलीचं प्रत्येक वाक्य ‘मी’नं सुरू करायचं. ‘आमच्यात असंच चालत आलंय’ असं कुणी लिहिलं की पाळक (मंडळीचे धर्मगुरू) ते खोडायला लावतात. मग नहेम्या 9 प्रमाणे वाडवडिलांच्या अपराधांची कबुली. त्यानंतर भरपाई, गणना 5:7 च्या हिशेबानं: मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा. 10,000 बुडवले असतील तर 12,000 द्यायचे. एकरकमी जमत नसेल तर हप्ते आणि तारखा लिहून चिठ्ठी पाळकांकडे ठेवायची. शिबिराचं खरं मोल इथं आहे.

रविवारी पूर्वजांच्या शापांची छापील यादी सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणवून घेतात. हे पटत नाही. बापाच्या अपराधाचा भार मुलावर नाही, असं यहेज्केल 18 स्वच्छ सांगतो. घरातून सवय उतरते, दोष उतरत नाही. यादी म्हणणारा सगळं आजोबांवर ढकलून मोकळा होतो, आणि आजारी लेकराची आई उगाच स्वतःला दोषी धरते. तिच्यासाठी योहान 9 वाचायलाच हवा: जन्मांध माणसाबद्दल येशूनं त्याचं किंवा आईबापाचं पाप हे कारण साफ नाकारलं.

दारूच्या बाबतीतली उणीव जिवावर बेतणारी आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं प्रार्थनेनंतर एकदम बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो. त्याला आधी सिव्हिलला दाखवावं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. कागदावर याची एक ओळही नाही. मार खाल्लेल्या बाईला सर्वांसमोर नवऱ्याला क्षमा करायला उभं करणंही बंद व्हावं. आधी तिला सुरक्षित जागा हवी.

कागद फक्त मराठीत आहे. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी इतकी घरं असताना तो तिन्ही भाषांत हवा. नवरा-बायकोनं जोडीनंच जावं, आणि जाण्याआधी घरातल्या थोरल्या आत्याकडे किंवा आजीकडे तासभर बसावं. आजोबांचा रकाना त्यांच्याशिवाय भरत नाही.