गाडी सरेंडर करायची का स्वतः विकायची?

सांगलीतल्या मित्राचं दुकान बसलं, कारचे हप्ते थकलेत, विचारतोय कार सरेंडर करू, म्हणजे फायनान्सवाल्यांना परत देऊन टाकू, का स्वतः विकू. दिवाळखोरीचा अर्ज केला तरी तारण गाडीवरचा फायनान्सवाल्यांचा हक्क जात नाही, 1920 च्या प्रांतिक दिवाळखोरी कायद्यातच तसं आहे, त्यामुळं त्या आशेवर बसू नकोस भावा. सरेंडरला धावपळ कमी, पण लिलावात भाव पडतो आणि उरलेली बाकी तुझ्याच डोक्यावर. स्वतः विकायची तर गिऱ्हाईक शोधा, फोरक्लोजर लेटर (कर्ज मिटवायला किती भरायचे ते पत्र), फायनान्सवाल्यांची एनओसी, आरटीओत फॉर्म 35 (गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा), लई पळापळ, पण पैसे बहुतेक बरे येतात. हातात थोडा वेळ असंल तर विकच. नोटीस येऊन गेली, गिऱ्हाईकच नाही, तर सरेंडर कर, पण पोच आणि बाकीचा हिशोब लेखीच घे.