हातातल्या गेम कन्सोलसाठी बोर्ड: झीरो २ डब्ल्यू की कॉम्प्युट मॉड्यूल ४?

भाच्याला जुने गेम खेळायचा खिशातला कन्सोल करायचाय. बटणं, बॅटरी जोडणारा सर्किट बोर्ड तो स्वतःच काढणार, पण त्यावर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचं कोणतं मॉड्यूल घ्यावं यावर गाडी अडलीय.

आकारात फार फरक नाही. झीरो २ डब्ल्यू ६५ × ३० मिमी, कॉम्प्युट मॉड्यूल ५५ × ४०. जाडीत मात्र झीरो पिनांवर बसवला की मार खातो.

खरा प्रश्न बोर्ड काढण्याच्या कष्टांचा. झीरोला तांब्याच्या दोन थरांचा बोर्ड पुरतो: बटणं, चार्जिंग, बॅटरीचा व्होल्टेज ५ वर नेणारं सर्किट, संपलं. कॉम्प्युट मॉड्यूलला १०० पिनांचे दोन कनेक्टर, पिनांतलं अंतर ०.४ मिमी. मी हाताने डाग दिला तेव्हा भिंगाखाली शेजारच्या तीन पिना एकाच डागात चिकटलेल्या दिसल्या. फ्लक्स (डाग नीट वाहावा म्हणून लावतात ते रसायन) आणि जादा डाग शोषणारी तांब्याची वेणी घेऊन अख्खी संध्याकाळ गेली. शिवाय डीएसआयच्या (स्क्रीन थेट जोडायच्या वेगवान जोडणीच्या) जोडतारा समान लांबीच्या आणि ठरलेल्या इम्पिडन्सच्या (विद्युत अडथळ्याच्या) हव्यात, म्हणजे चार थर घेतलेले बरे.

स्क्रीनवर मात्र झीरो अडतो. त्याला डीएसआय नाही. एसपीआयवर (थोड्या तारांच्या साध्या जोडणीवर) ३२० × २४० ठिपक्यांचं, दर ठिपक्याला १६ बिट रंगाचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचं तर सेकंदाला सुमारे ७४ मेगाबिट लागतात. स्वस्त स्क्रीनना ते झेपेलच असं नाही.

खर्च, बॅटरी दोन्हींत झीरो सरस.

गेमबॉय, एनईएस खेळायचे आणि बोर्ड पहिलाच असेल तर झीरो. निन्टेंडो ६४ किंवा ड्रीमकास्ट हवा असेल आणि कनेक्टर कारखान्यातून बसवून घेणार असेल, तरच कॉम्प्युट मॉड्यूल.