'शेवटपर्यंत सांभाळू' हे बक्षीसपत्रात लिहिलंच नव्हतं

आत्याच्या बक्षीसपत्राची चौदा पानं मी तीन वेळा वाचली. चतुःसीमा होती, सोसायटीच्या भागप्रमाणपत्राचा क्रमांक होता, चटई क्षेत्र होतं, दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. आत्याला कोण सांभाळणार, तिच्या औषधांचं काय, ती अंथरुणाला खिळली तर कोण बघणार, याबद्दल एक ओळही नव्हती. होतं ते असं: 'प्रेम व आपुलकीपोटी, कोणत्याही दबावाविना व कोणत्याही अटीविना'. ज्या वचनासाठी आत्याने राहतं घर दिलं, ते वचनच कागदावर नव्हतं.

आत्याला मूलबाळ नाही, काका जाऊन बरीच वर्षं झाली. ७८व्या वर्षी ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण एकटीने राहणं संपलं. मी दुसऱ्या गावी, नोकरीत अडकलेली. दिवसा एक बाई, रात्री एक बाई, त्यातली एक आली नाही की फोनाफोनी, असे तीन महिने काढले. त्या दमलेल्या दिवसांत तो सल्लागार आमच्याकडे आला. 'वार्धक्य नियोजन' करतो म्हणाला. कायद्याची बाजू आणि देखभालीची बाजू, दोन्ही एकाच ठिकाणी.

त्याची कल्पना चुकीची नव्हती, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण म्हणूनच आम्ही फसलो. म्हातारपणाचं नियोजन करताना कायदा आणि शुश्रूषा वेगळ्या काढताच येत नाहीत. घर कोणाच्या नावावर, बँकेत सही कोणाची चालणार, आयसीयूमध्ये निर्णय कोण घेणार आणि रोज अंघोळ कोण घालणार, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. त्याने पहिल्या भेटीत हेच प्रश्न विचारले. मला इतकं हायसं वाटलं की मी रडले. जे प्रश्न घरात काढायची आमची हिंमत नव्हती, ते एक परका माणूस शांतपणे विचारत होता. आत्याला म्हणाला, "काकू, मला मुलगाच समजा."

मग योजना आली. घर त्याच्या ट्रस्टला बक्षीसपत्राने द्यायचं, त्याबदल्यात ट्रस्टच्या निवासात आत्याची आजन्म सोय. बँकेच्या कामासाठी त्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी. आणि देखभालीचा वेगळा करार, स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला. मी विचारलं होतं, करार वेगळा का? म्हणाला, "रजिस्टर दस्तात अटी घातल्या की पुढे अडचणी येतात, दस्त स्वच्छ ठेवायचा असतो." दस्त स्वच्छ ठेवायचा! माणूस जाणता आहे असं वाटून मी गप्प बसले. ते वाक्य आजही कानात आहे.

नोंदणीच्या दिवशी मी नव्हते. मागून आत्याने जे सांगितलं ते असं. तिला व्हीलचेअरवर दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं. गर्दी होती. चष्मा पिशवीत होता. तिने मागितला तर तो म्हणाला, "काकू, वाचायचं सगळं मी वाचलंय, तुम्ही फक्त सही करा." मशीनवर अंगठा, कॅमेऱ्यासमोर फोटो, शाईचा अंगठा. टेबलापलीकडून विचारलं, "दस्त मान्य आहे ना?" ती हो म्हणाली. दोन्ही साक्षीदार त्याच्याच ऑफिसातले. आजारी किंवा चालता न येणाऱ्या माणसासाठी निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात, नोंदणी अधिनियम १९०८ मध्ये तशी तरतूद आहे. हे आम्हाला तेव्हा ठाऊक असतं तर निदान ते सगळं तिच्या घरात, तिच्या चष्म्यानिशी, माझ्या समोर झालं असतं.

पहिले सात-आठ महिने खरंच चांगले गेले. फिजिओथेरपी, स्वच्छ चादरी, आठवड्याला मला फोन. मग फोन कमी झाले. मग 'भेटायला येण्याआधी कळवा' सुरू झालं. एकदा मी न कळवता गेले. आत्या खिडकीकडे तोंड करून पडली होती, केस विंचरलेले नव्हते, पाठीला बेडसोरची सुरुवात होती. पलंगाशेजारी मदतीला बोलवायची बेल असते, तिची दोरी वर पडद्याच्या दांडीला गुंडाळून ठेवली होती. आत्याचा हात तिथे पोचणं शक्यच नव्हतं. मी दोरी सोडायला लागले तर ती घाबरून म्हणाली, "राहू दे गं, त्यांना त्रास होतो."

व्यवस्थापकाने करारातलं कलम दाखवलं: 'सेवा उपलब्धतेनुसार', आणि 'वैद्यकीय स्थिती बदलल्यास शुल्कात फेरबदल'. आजन्म सोय ती हीच. आत्याचं घर तोवर भाड्याने दिलेलं होतं.

मी वकीलबाईंकडे गेले तेव्हा त्यांनी आत्याची तब्येत विचारली आणि लगेच दुसरा प्रश्न केला: "सांभाळायची अट नेमकी कुठल्या कागदात आहे?"

तो प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे प्रत्येकाने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७, याचं कलम २३ असं सांगतं: साठ किंवा त्याहून अधिक वयाच्या माणसाने 'माझ्या मूलभूत गरजा भागवाव्यात' या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झालं असं धरलं जातं, आणि देणाऱ्याची इच्छा असेल तर न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. बऱ्याच जणांना वाटतं की हा कायदा फक्त मुलांविरुद्ध आहे. कलम २३ मध्ये घेणारा मुलगाच असला पाहिजे असं कुठेही नाही. परका असला तरी लागू होतं.

पण सगळं त्या अटीवर टिकून आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या निकालात स्पष्ट म्हटलं की अशी अट होती हे दाखवता आलं पाहिजे, नुसतं म्हातारपणी घर दिलं एवढं पुरत नाही. आमचा सल्लागार दस्त 'स्वच्छ' का ठेवत होता ते मला त्या दिवशी कळलं. त्याला कायदा माहीत नव्हता असं नाही. चांगला माहीत होता.

मग उरला तो नोटरी केलेला करार. मूळ प्रत निवासाच्या ऑफिसात, ते देईनात. आत्याला विचारलं तर तिने उशाखालून चष्म्याचं घर काढलं. चष्म्याखाली, चार घड्या घातलेला, कडा पिवळ्या पडलेल्या, तोच करार. "त्याने दिला होता, मी ठेवून दिला," म्हणाली. पहिल्या पानावर तारीख होती, बक्षीसपत्राचीच. आणि तिसऱ्या ओळीत: 'सदर बक्षीसपत्राच्या अनुषंगाने लिहून देणार यांची हयातभर देखभाल करण्याचे ट्रस्टने मान्य केले आहे.'

वकीलबाईंनी त्या ओळीवर पेन्सिलने रेघ ओढली. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उर्मिला दीक्षित विरुद्ध सुनील शरण दीक्षित या प्रकरणात जवळपास अशाच परिस्थितीत निकाल दिला होता. तिथे आईने मुलाला बक्षीसपत्र दिलं होतं आणि सांभाळायचं वचन वेगळ्या वचनपत्रात होतं. हा कायदा ज्येष्ठांच्या हितासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावायला हवा, असं म्हणत न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि ताबा आईला परत द्यायला सांगितलं. चष्म्याच्या घरातला तो कागद नसता तर आमच्या हातात काहीच नव्हतं.

कुलमुखत्यारपत्राचं प्रकरण वेगळंच निघालं, आणि त्याने आम्हाला जास्त पोळलं. सल्लागाराने आत्याला सांगितलं होतं, "उद्या आठवण गेली तरी हे पत्र चालतं, म्हणून आत्ताच करून ठेवा." हे साफ खोटं आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन स्वस्थ राहिलं नाही की मुखत्याराचा अधिकार संपतो. मृत्यूनंतरही संपतो. काही देशांत स्मृतिभ्रंश झाल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे तशी सोय नाही. अशा रुग्णासाठी पालक नेमायचा तर बहुतेकांना उच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागतं. आत्याला शस्त्रक्रियेनंतर विसरायला होत होतं, वार चुकत होते, एकदा मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली. त्याच महिन्यांत तिच्या मुदत ठेवी एकेक करून मोडल्या गेल्या. पासबुक मी शेवटचं कधी बघितलं होतं ते मला आठवेना. हे माझ्या मनातून जात नाही.

मुखत्यारपत्र तातडीने रद्द केलं. रद्द केल्याचा कागद नुसता करून उपयोग नसतो. बँकेला, सोसायटीला, मुखत्याराला, सगळ्यांना लेखी कळवून पोच घ्यावी लागते. आत्याला मी माझ्या घरी आणलं. मग अर्ज, न्यायाधिकरणात. या न्यायाधिकरणाचे प्रमुख उपविभागीय अधिकाऱ्यांच्या दर्जाचे असतात, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो ते. अर्ज आत्याच्याच नावाने केला, तिने स्वतः बसून सही केली, डॉक्टरांचा दाखला जोडला की तिला व्यवहार समजतो. तिचे चांगले दिवस असतात आणि वाईट दिवस असतात. सुनावणीला ती चांगली होती. अधिकाऱ्यांनी विचारलं, "आजी, घर का दिलंत?" ती म्हणाली, "मला मरेपर्यंत बघतील म्हणून." दुसरं काही बोलली नाही. तेवढ्याने काम झालं असावं.

बक्षीसपत्र रद्द झालं. ताब्यासाठी अजून खेटे चालू आहेत आणि समोरचा हायकोर्टाची भाषा करतोय. ठेवींचे पैसे परत आलेले नाहीत. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीची, तक्रार दिली आहे.

ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना मी कळकळीने सांगते: कागद करणारा आणि सांभाळणारा, हे एकच असू देऊ नका. दोन्हींचा विचार एकत्र व्हायलाच हवा, पण वकील तुमचा हवा, त्याचा पगार देखभाल करणाऱ्याकडून येता कामा नये. साक्षीदार तुमच्या ओळखीचे हवेत. आमच्या बाबतीत सल्ला देणारा, दस्त लिहिणारा, घर घेणारा, बँकेतून पैसे काढणारा आणि बेलची दोरी वर बांधणारी माणसं नेमणारा, सगळा एकच हात होता.

आणि शक्यतो हयातीत घर देऊच नका. मृत्युपत्र करा. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे त्याला दोन साक्षीदार पुरतात, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (तरी करावी), आणि शुद्धीत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. बक्षीसपत्र मात्र नुसतं मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम १२६ तसंच आहे. महाराष्ट्रात मुलगा, मुलगी, नातवंडं यांना राहतं घर बक्षीस देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. त्यामुळे घराघरांत 'आत्ताच करून टाकू, स्वस्तात होतं' हा आग्रह सुरू होतो. करायचंच असेल तर सांभाळण्याची अट त्याच दस्तात, साध्या मराठीत लिहा: राहायला कुठे, जेवण, औषधं, मदतनीस, दवाखाना. आपल्या हयातीपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क राखून ठेवा. कोणी 'अटी नकोत' म्हणालं तर तिथेच उठा. अडचण आली तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. आम्हाला ती फार उशिरा कळली.

गेल्या महिन्यात आत्याने नवं मृत्युपत्र केलं, आणि सोबत उपचारांबाबतचं इच्छापत्र, कृत्रिम उपायांनी किती काळ जगवायचं याबद्दलचं. ते सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलं आणि २०२३ मध्ये सोपं केलं, आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलं की चालतं. मी फाईल घेऊन आत्याशेजारी बसले होते. वकीलबाईंनी आधी आत्याला चष्मा लावायला सांगितला, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा. मला त्यांच्याशी एकटीशी बोलायचंय." मला क्षणभर लागलं. मी बाहेर बाकावर बसून राहिले, पाऊण तास. आतून आत्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच ती कुठल्याशा पानाबद्दल "हे परत वाचा" म्हणाली, तेवढं स्पष्ट ऐकू आलं.