वरचं पॅकिंग की मागचं सील?

जुनी पिकअप बघायला गेलात आणि इंजिन तेलकट दिसलं, तर लगेच पाठ फिरवू नका. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलं असेल तर तेल वरून ओघळतं, धूळ धरून काळा थर चढतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे किरकोळ काम; तेवढ्यासाठी चांगली गाडी मी सोडणार नाही.

क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याचं, तेल अडवणारं मागचं सील मात्र महागात पडतं. सील स्वस्त, पण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लच प्लेट तेलात भिजली असेल तर तीही गेली. थेंब इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावर दिसतो. पण वरचं तेलही ओघळत तिथंच येतं! म्हणून ओल सगळ्यात वर कुठं लागते, ते बोट फिरवून बघा. इंजिन नुकतंच धुतलेलं असलं तर शिरोलीपर्यंत पळवून आणा, खाली पुठ्ठा टाका आणि अर्धा तास थांबा.